अडत, उचल आणि सर्च इंजिन

२००७ सालच्या पावसाळ्यात मी कोल्हापुरात दुकानं नोंदवत फिरत होतो. बी.कॉम. होऊन वर्ष उलटलं होतं आणि हाताला काम नव्हतं. बाहेरच्या कुठल्याशा इंटरनेट कंपनीला शहरातल्या दुकानांची, कारखान्यांची, दवाखान्यांची यादी हवी होती. तिच्या इथल्या कंत्राटदाराने आम्हा सहा-सात पोरांना गोळा केलं होतं. एका फॉर्मला सात रुपये. फॉर्मवर नाव, पत्ता, फोन, जवळची खूण आणि 'व्यवसायाचा प्रकार' लिहायचा. हा प्रकार मात्र मनाने लिहायचा नाही, सोबतच्या छापील यादीतूनच निवडायचा.

शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांच्या शेडमध्ये शिरलो. मामांनी लेथ थांबवला, कॉटन वेस्टने हात पुसले आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाव घालायचं किती घेनार?"

"काही नाही मामा, फुकट आहे."

"आनि बगनाऱ्याला?"

"त्यालाही फुकट."

"मग तुला पैसे कोन देतंय?"

"कंपनी देते."

"आनि कंपनीला कोन देतंय?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मामा हसले आणि त्यांनी लेथ पुन्हा चालू केला. मी फॉर्म भरला. छापील यादीत 'ब्यूटी पार्लर' होतं, 'इंटीरियर डेकोरेटर' होतं, पण टर्नर, मोल्डर, पॅटर्नमेकर यांपैकी काहीच नव्हतं. पॅटर्नमेकर लाकडात काम करतो म्हणून त्याला आम्ही 'फर्निचर'मध्ये टाकत असू. मामांना मी 'ऑटोमोबाइल रिपेअर'मध्ये टाकलं.

मामांच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली. ते जसं हाती आलं तसं इथे मांडतो आहे.

पेठेतला शोध

खरं तर कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न नवा असायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि ती गुळासाठी नावारूपाला आली. गुऱ्हाळावरून निघालेल्या गुळाला गिऱ्हाईक कुठे आहे, हे शेतकऱ्याला माहीत नसायचं. गुजरातेतल्या किंवा मुंबईतल्या व्यापाऱ्याला कुणाच्या गुऱ्हाळाचा गूळ कसा उतरलाय हे ठाऊक नसायचं. या दोघांची गाठ घालून देणारा तो अडत्या. गाठ घालून दिल्याबद्दल तो अडत घ्यायचा. शिवाय हंगामाआधी शेतकऱ्याला उचल द्यायचा, म्हणजे माल दुसऱ्याच्या दुकानी जायचा नाही.

माहितीचा धंदा असाच चालतो. एका बाजूला शोधणारा, दुसऱ्या बाजूला सापडू इच्छिणारा आणि मधे दोघांची नावं ठाऊक असलेला एक जण. मधल्याला पैसे कुणी द्यायचे, यावर सगळं अवलंबून असतं. ही अडत शेतकऱ्याने द्यायची की खरेदीदाराने, यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी २०१६ साली फळं आणि भाजीपाला यांच्यापुरती ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकण्यात आली, तेव्हा बाजार समित्यांत संप झाले. पैसे देणारी बाजू बदलली की बाजार कुणाच्या बाजूने उभा राहतो तेही बदलतं.

आता जोखमीच्या भांडवलाचं. तेही आपल्याला परकं नव्हतं. बाबूराव पेंटर यांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. सिनेमा चालेल की नाही, हे त्या काळी कोल्हापुरात कुणीच सांगू शकलं नसतं. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुढे त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी १ जून १९२९ रोजी 'प्रभात' उभी केली. तेव्हा पाचवे भागीदार होते सराफ सीतारामपंत कुलकर्णी, आणि भांडवल त्यांचं होतं. चार वर्षांत प्रभात पुण्याला गेली. कोल्हापुरात रुजायचं आणि पुण्या-मुंबईत वाढायचं, ही आपली जुनीच रीत.

तानीबाई आणि सीतारामपंत यांनी जे केलं त्याला आज 'एंजल इन्व्हेस्टर' म्हणतात. ही माणसं गावातलीच होती. पैसा कुठे जातोय हे त्यांना दिसत होतं आणि बुडाला असता तर गावालाही कळलं असतं.

बाहेरचा पैसा

व्हेंचर कॅपिटल, म्हणजे साहसवित्त, याचं गणित निराळं आहे. फंड चालवणाऱ्यांचा स्वतःचा पैसा त्यात थोडाच असतो. पेन्शन फंड, विद्यापीठांच्या ठेवी, श्रीमंत घराणी यांच्याकडून तो साधारण दहा वर्षांच्या बोलीने घेतलेला असतो. दहा कंपन्यांत घातला तर बहुतेकांत बुडणार हे धरूनच चालतात. एखादीने सगळ्यांचा तोटा भरून काढून वर भरघोस द्यायचं असतं. तेव्हा 'बरी चाललेली' कंपनी फंडाच्या उपयोगाची नसते. ती प्रचंड वाढली पाहिजे, आणि मुदतीत शेअर बाजारात गेली पाहिजे किंवा विकली गेली पाहिजे. उचल फेडावी लागते, हा पैसा फेडावा लागत नाही. त्याच्या बदल्यात कंपनीचा हिस्सा द्यावा लागतो, आणि हिस्सा देणाऱ्याला 'हळूहळू' हा शब्द वापरता येत नाही.

सर्च इंजिनांवर या पैशाची नजर गेली १९९० च्या दशकात. एकच काम नीट करणारी, म्हणजे फक्त नोकऱ्या किंवा फक्त वस्तूंचे भाव शोधून देणारी, जी खास इंजिनं निघाली, त्यांत भारतीयांचा हात पहिल्यापासून होता. १९९६ मध्ये राकेश माथूर, आशिष गुप्ता, वेंकी हरिनारायण आणि आनंद राजारामन यांनी अमेरिकेत 'जंगली' काढली. वेगवेगळ्या साइटींवर विखुरलेले भाव एका तक्त्यात आणून दाखवणं हे तिचं काम. १९९८ मध्ये ती ॲमेझॉनने विकत घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अँडी बेक्टोलशाइम यांनी गुगलला एक लाख डॉलरचा चेक लिहून दिला, आणि १९९९ च्या जूनमध्ये सिकोया आणि क्लायनर पर्किन्स यांनी अडीच कोटी डॉलर घातले. गुगलला पैसे कुठून मिळणार, हे तेव्हा नक्की नव्हतं. शब्दाशेजारी जाहिरात विकण्याची 'ॲडवर्ड्स' ही व्यवस्था २००० च्या ऑक्टोबरात आली. म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर जगातल्या सर्वांत मोठ्या सर्च इंजिनालाही सुरुवातीला देता आलं नसतं.

खोज आणि जस्टडायल

आपल्याकडची गोष्ट मुंबईत सुरू होते. आयआयटी मुंबईत शिकलेले राजेश जैन यांनी १९९५ च्या मार्चमध्ये 'इंडियावर्ल्ड' सुरू केलं. पुढे त्यातून बातम्यांसाठी 'समाचार', क्रिकेटसाठी 'खेल', स्वयंपाकासाठी 'बावर्ची' आणि भारतातल्या साइटी शोधण्यासाठी 'खोज' अशी कुटुंबकबिल्यासारखी साइटींची रांग उभी राहिली. जैन यांनी ती फंडाच्या पैशावर नाही, स्वतःच्या कमाईवर चालवली. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ती ४९९ कोटी रुपयांना घेतली. सत्यम इन्फोवे त्याच्या आधीच्या महिन्यात नॅस्डॅकवर नोंदली गेली होती, त्यामुळे अमेरिकी बाजाराचा पैसा तिच्या हाताशी होता. त्या आकड्याने देशभर खळबळ उडाली. आमच्या कॉमर्स कॉलेजातल्या सरांनी पुढे कितीतरी वर्षं तो आकडा वर्गात सांगितला. मार्च २००० पासून नॅस्डॅक कोसळत गेला आणि पैसा आला तसा आटला.

दुसरी गोष्ट मुंबईचीच, पण फोनवरची. व्ही. एस. एस. मणी यांनी १९८९ मध्ये 'आस्कमी' नावाची माहिती देणारी फोनसेवा काढून पाहिली होती, ती चालली नाही. १९९६ मध्ये त्यांनी पन्नास हजार रुपयांवर 'जस्टडायल' सुरू केली. फोन करा, विचारा, पलीकडची मुलगी पत्ता सांगेल. संगणक तिच्यासमोर असायचा, आपल्यासमोर नाही. इंटरनेट घराघरांत नसलेल्या देशात ही युक्ती अचूक होती. वेबसाइट आली ती २००७ मध्ये. सैफ पार्टनर्स, टायगर ग्लोबल, सिकोया असे फंड एकामागून एक आत आले.

जस्टडायलने मामांच्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ दिलं होतं. विचारणाऱ्याला फुकट, यादीत नाव फुकट, पण यादीत वर यायचं असेल तर दुकानदाराने वर्षाचे पैसे भरायचे. अडत शेतकऱ्याकडून घ्यायची जुनीच रीत. २०१३ च्या मे महिन्यात ५३० रुपये दराने त्यांचा आयपीओ आला, आणि तो पूर्णपणे जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकण्याचा होता. कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपया आला नाही. फंडांची मुदत सांभाळली गेली. २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने कंपनीचा ताबा घेतला.

आमचे फॉर्म कुठे गेले

मी ज्या वर्षी छत्री घेऊन मिरजकर तिकटीवर उभा होतो, त्याच्या आदल्याच वर्षी सिकोयाने वेस्टब्रिज या फंडाला आपल्यात घेऊन भारतात दुकान मांडलं होतं. त्यांच्या सुरुवातीच्या गुंतवणुकींत एक होतं बंगळूरचं 'गुरुजी डॉट कॉम'. आयआयटी दिल्लीच्या दोन पदवीधरांचं हे भारतीय सर्च इंजिन, त्यात सत्तर लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने तीस कोटींच्या आसपास. विचार असा की गुगलला 'तिकटी' कळणार नाही, आपल्याला कळेल. बंगळूरचंच 'आस्कलैला', मुंबईचं 'बर्प' अशी स्थानिक शोधाची दुकानं त्याच दोन-तीन वर्षांत उघडली. गुरुजीवर लोक सगळ्यांत जास्त काय शोधत होते? गाणी. २०१० च्या एप्रिलमध्ये टी-सिरीजने कॉपीराइटची तक्रार केली, पोलीस कारवाई झाली, गाण्यांचा शोध बंद पडला आणि पाठोपाठ गुरुजीही मिटलं.

बाकीच्यांना मारलं ते गुगलच्या नकाशाने. दुकानदाराने स्वतःच नाव घालावं, फुकट घालावं, आणि जाहिरात हवी असेल तर वेगळे पैसे द्यावे. ज्याच्याकडे जगभरच्या जाहिरातींचा पैसा आहे त्याला यादी फुकट वाटणं परवडतं. ज्याचा धंदाच यादी हा आहे त्याला ते परवडत नाही.

आमची कंपनीही त्याच सुमारास गुंडाळली गेली. ती कुणाच्या पैशावर चालत होती हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. कंत्राटदाराने सांगितलं, 'वरून पैसा थांबला'. आमचे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे राहिले ते राहिलेच. फॉर्म मोजताना भांडण नको म्हणून मी प्रत्येक फॉर्मची नक्कल दोनशे पानी वहीत करून ठेवत असे. दोन वह्या भरल्या होत्या. त्या माझ्याकडे राहिल्या.

शोधातून विक्रीकडे

यानंतर जी खास सर्च इंजिनं टिकली, ती शोध सोडूनच टिकली. 'झोमॅटो' २००८ मध्ये 'फूडीबे' नावाने सुरू झाली तेव्हा हॉटेलांची मेनूकार्डं स्कॅन करून शोधता येतील अशी ठेवायची, एवढंच तिचं काम होतं. २०१० मध्ये नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजने तिच्यात पावणेपाच कोटींच्या आत-बाहेर रक्कम घातली. आज झोमॅटो जेवण पोचवते, मेनूकार्ड शोधून देण्याचं कुणाला आठवतही नाही.

मुंबईच्या 'हाउसिंग डॉट कॉम'ची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या बारा मुलांनी ती काढली. घर भाड्याने शोधताना खोट्या जाहिरातींनी हैराण झालेले हे तरुण. म्हणून आपली माणसं पाठवून घराचे फोटो काढायचे, जागा नकाशावर टिपायची आणि मगच ते यादीत घ्यायचं, असा त्यांचा नेम. हे आमच्या सात रुपयांच्या फॉर्मचंच श्रीमंत रूप होतं, आणि कामही खरंच चांगलं होतं. डिसेंबर २०१४ मध्ये सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने नऊ कोटी डॉलर आले. पुढच्या जुलैत संचालक मंडळाने संस्थापक-प्रमुखाला काढलं, आणि २०१७ मध्ये कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली. एकेक घर पायी जाऊन तपासणं आणि फंडाला हव्या त्या वेगाने देशभर पसरणं, ही दोन कामं एकाच वेळी होत नाहीत. हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. पावसात दिवसाला पंधरा फॉर्म भरले की सोळावा अंदाजाने भरला जातो. मी भरले आहेत.

ज्याला गिऱ्हाईक नाही ते

गेली काही वर्षं मी एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात लिखापढी सांभाळतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू झालं. अनेक दशकांच्या मागणीनंतर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. ऑफिसातलं काम दुप्पट झालं. जुने निवाडे शोधताना माझी बोटं आपोआप एकाच जागी जातात, 'इंडियन कानून'वर.

हेही खास सर्च इंजिनच. सुशांत सिन्हा हे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट करत होते, तेव्हा जानेवारी २००८ मध्ये त्यांनी ते सुरू केलं. आमची फॉर्म कंपनी अजून जिवंत होती त्या काळात. न्यायालयांचे निवाडे सरकारी साइटींवर होते, पण सापडत नव्हते. कायद्याचं कलम आणि त्यावरचा निवाडा यांची जोड त्यांनी यंत्राने लावून दिली. त्यात फंडाचा पैसा नव्हता, त्यामुळे मुदत नव्हती आणि वेगाची सक्तीही नव्हती. सिकोयाचं गुरुजी गेलं. हे चालू आहे, आणि तालुक्याच्या कोर्टातला ज्युनिअर वकीलही ते मोबाइलवर उघडतो.

म्हणून साहसवित्त वाईट आणि फुकटचं चांगलं, असं मी म्हणत नाही. निवाडे निदान इंग्रजीत, छापील आणि आधीच संगणकावर होते. एका हुशार माणसाला ते ओढून आणता आले. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडीतले कागद आहेत. ते ओढून आणायला आधी कुणीतरी वाचले पाहिजेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा सगळ्या जिल्ह्यांत एकदम मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. लाखो माणसांचं भवितव्य ज्या कागदांवर लटकलेलं होतं, त्यांना सर्च इंजिन नव्हतं. भिंगातून पाहणारे आणि ओळ-ओळ लावणारे लोक होते. एखाद्या फंडाने इथे पैसा का घातला नाही, याचं उत्तर सोपं आहे. पणजोबाच्या नोंदीला 'वर यायचं' नसतं. तिच्या बाजूने पैसे देणारं कुणी नाही. अशा शोधाचा खर्च समाजाने किंवा सरकारने उचलायचा असतो, आणि तो गरज गळ्याशी आल्यावर नाही, आधी उचलायचा असतो.

आता पैसा पुन्हा शोधाकडे वळला आहे. अरविंद श्रीनिवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांची २०२२ मध्ये निघालेली 'पर्प्लेक्सिटी' आणि तिच्यासारख्या कंपन्या यादी न दाखवता थेट उत्तर देतात. विचारणाऱ्याला पुष्कळसं फुकटच आहे. कंपनीला कोण देतंय हा प्रश्नही आहे तिथेच आहे.

गेल्या दिवाळीनंतर वह्या घेऊन मी उद्यमनगरात पुन्हा गेलो. माझ्या यादीतली कितीतरी नावं आता कुठल्याच यादीत नाहीत. मामांची शेड आहे. मुलगा आत सीएनसी चालवतो आणि मामा दारात खुर्ची टाकून बसतात. मी वही उघडून दाखवली. मामांनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं, पुढचं 'ऑटोमोबाइल रिपेअर' वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"म्हंजे हे तू केलंयस व्हय? अरं, अजून फोन येत्यात, मोटरसायकल रिपेर करता का म्हनून."

त्यांच्या मुलाने मोबाइलवर दाखवलं. कंपनी बुडाली होती, पण तिची यादी कुणीतरी उचलली होती, तिच्यावरून आणखी कुणीतरी. माझी चूक अठरा वर्षं हातोहात फिरत होती. मुलाने एका ठिकाणी दुरुस्तीसाठी फोन केला होता, तेव्हा पलीकडच्याने आधी पॅकेज घ्या म्हणून सांगितलं होतं.

मी मामांना म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत, कंपनीला पैसे कोण देतं. आता सांगता येईल." आणि अडत्यापासून सिकोयापर्यंत सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे पैसे आमीच देनार होतो," ते म्हणाले. "नुसतं तवा सांगितलं न्हाईस."

मग त्यांनी मुलाला हाक मारून चहा सांगितला, आणि मी वहीतल्या त्या ओळीवर काट मारून पुढे 'टर्नर' लिहिलं.